निकालपत्र आणि कादंबरी: दोन्ही नीट वाचायचं असेल तर

१ जुलै २०२४ ला तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले (गुन्हे आणि शिक्षांसाठी भारतीय न्याय संहिता, प्रक्रियेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियम), त्या दिवशी आमच्या कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये जवळपास प्रत्येकाच्या हातात एकच तक्ता होता. डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं. खुनाचं ३०२ आता १०३. फसवणुकीचं ४२० गेलं ३१८ च्या पोटकलम ४ मध्ये. अटकपूर्व जामिनाचं ४३८ झालं ४८२, आणि ४८२ हा आकडा तर आम्ही इतकी वर्षं उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांसाठी उच्चारत आलो होतो. ते अधिकार आता ५२८ मध्ये. जिभेवर रुळलेले जुने आकडे टाकूनही देता येत नव्हते, कारण गुन्हा १ जुलैच्या आधी घडलेला असेल तर खटला भारतीय दंड संहितेखालीच चालणार. एकाच दिवसाच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, दोन्ही कायदे.

त्या पावसाळ्यात रोज रात्री दोन तास मी बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा निव्वळ मूळ मजकूर, घेऊन बसत होते. पुढे दिवाळी अंकातली एक कथा वाचायला घेतली आणि तिसऱ्या पानावर पाहिलं तर हातात पेन्सिल होती. नायिकेच्या लग्नाचं साल आणि तिच्या मुलाची इयत्ता यांचा मेळ बसत नव्हता, तो हिशोब मी समासात मांडला होता. ती बाई इतकी गप्प का आहे, तिला काय होतंय, याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मला त्या रात्री खरोखर भीती वाटली. मे महिन्याच्या दुपारी माळ्यावर बसून हाक ऐकू न येण्याइतकं वाचणारी मुलगी होते मी, आणि तेच माझ्याकडून निसटलं होतं.

त्यानंतर मी जे बदल केले आणि त्यातले जे टिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं वकिलीतली आहेत, कारण मला तेच नीट सांगता येईल. पण डॉक्टर, सीए, इंजिनिअर, प्राध्यापक, ज्यांना आपल्या विषयाचं सतत वाचत राहावं लागतं, त्या कोणालाही आपापल्या कामाची उदाहरणं घालून हे वापरता येईल. माझं म्हणणं एवढंच आहे की कामाचं वाचन आणि आनंदाचं वाचन ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. कामाच्या वाचनाला आधी प्रश्न लागतो आणि उत्तर मिळालं की थांबावं लागतं. कादंबरीकडे प्रश्न घेऊन गेलात की ती मिटते. एकाच्या सवयी दुसरीकडे नेल्या तर दोन्ही बिघडतात, म्हणून दोन्ही वेगवेगळी शिकावी लागतात.

पहिली पायरी: आठवडाभराचा हिशोब

एका वहीत तीन रकाने करा. उद्याच्या कामासाठी वाचलेलं, आपल्या विषयात पक्कं होण्यासाठी वाचलेलं, आणि निव्वळ वाचावंसं वाटलं म्हणून वाचलेलं. सात दिवस फक्त नोंद ठेवा, काही बदलू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येणारे निकाल आणि त्यांचे चार ओळींचे सारांश एकाही रकान्यात धरू नका. ते वाचल्याचं समाधान देतात आणि चार दिवसांनी त्यातलं एक वाक्यही आठवत नाही.

माझ्या पहिल्या आठवड्यात तिसरा रकाना कोरा होता, हे अपेक्षितच होतं. मला धक्का दिला तो दुसऱ्या रकान्याने. तोही कोराच. रोज रात्रीचे ते दोन तास, जे मी अभ्यास समजत होते, ते सगळे उद्याच्या तारखेसाठी धडपडत शोधलेल्या सायटेशनचे, म्हणजे आधाराला द्यायच्या जुन्या निकालांचे, निघाले. म्हणजे कादंबरीची वेळ मी ज्या व्यासंगाला दिली असं समजत होते, तो व्यासंगही होत नव्हता. म्हणून दुरुस्ती कामाच्या वाचनापासून सुरू करावी लागते. ते आटोपशीर झालं की बाकीच्याला जागा होते.

दुसरी पायरी: कामाचं वाचन प्रश्न लिहून सुरू करा

प्रश्न कागदावर, एका वाक्यात. ‘इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दल वाचायचं आहे’ हा प्रश्न झाला नाही. ‘सोसायटीच्या सीसीटीव्हीचं फुटेज पेन ड्राइव्हवर आणलं आहे, सोसायटीचा सेक्रेटरी प्रमाणपत्र द्यायला तयार नाही, तर ते वाचता येईल का?’ हा प्रश्न आहे. कोर्टात ‘वाचता येणं’ म्हणजे पुराव्यात ग्राह्य धरलं जाणं. प्रश्न इतका नेमका असला की कुठे थांबायचं तेही कळतं.

मग कलम. कलम वाचताना मी ते हाताने तोडून लिहिते, कितीही पाठ असलं तरी. चोरीचं नवं कलम घ्या, भारतीय न्याय संहितेचं ३०३(२). शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षं सक्तमजुरी, आणि दंड. इथे बहुतेकांचे डोळे पुढे सरकतात. पण खाली परंतुक, म्हणजे मूळ नियमाला ‘परंतु’ने जोडलेली सवलत, आहे: चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. तीन अटी, तिन्ही एकत्र लागणाऱ्या. हातगाडीवरून मोबाइलचा चार्जर उचललेल्या पोरासाठी सगळं प्रकरण त्या परंतुकात आहे. आणि त्याचा आणखी एक परिणाम तर या कायद्यात सापडतच नाही. पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत पाहावं लागतं.

म्हणून कलम वाचण्याचा क्रम असा ठेवा: ‘आणि’ कुठे आहे, ‘किंवा’ कुठे आहे, परंतुक, स्पष्टीकरण, अपवाद, मग उदाहरणं, आणि शेवटी याच विषयावर दुसऱ्या कुठल्या कायद्यात काही म्हटलंय का. हे वाचन संथ असतं. एका रात्रीत एक कलम झालं तरी पुष्कळ.

तिसरी पायरी: निकालपत्र उलटं वाचा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली होती. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एक निकाल फक्त हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, वाचून दाखल केला. समोरच्या ज्येष्ठ वकिलांनी शांतपणे मला पुढचा परिच्छेद मोठ्याने वाचायची विनंती केली. त्या परिच्छेदात न्यायालयाने वेगळ्या वस्तुस्थितीत हा नियम लागू होणार नाही असं लिहिलं होतं, आणि ती वेगळी वस्तुस्थिती म्हणजे तंतोतंत माझ्या अशिलाची होती. अशील मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. तो परिच्छेद वाचतानाचा माझा आवाज मला आजही ऐकू येतो.

हेडनोट का पुरत नाही याचं उत्तम उदाहरण आपल्या जालन्यातलंच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांच्या बाजूने आव्हान दिलं गेलं की खोतकरांचे अर्ज दुपारी तीनची मुदत टळून गेल्यावर दाखल झाले. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. तो ज्या एका वाक्यासाठी सगळीकडे सांगितला जातो ते असं: इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर पुरावा कायद्याच्या ६५ ब कलमाखालचं प्रमाणपत्र बंधनकारक आहे.

आता एवढंच वाचलेल्या माणसाला विचारा, त्या खटल्यात जिंकलं कोण? तो म्हणेल, ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं ते हरले. प्रत्यक्षात अपील फेटाळलं गेलं, म्हणजे खोतकरांची निवड रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला. कारण प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सगळं करूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं, आणि अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही. शिवाय उच्च न्यायालयाचा निष्कर्ष इतर पुराव्यावरही उभा होता. सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दलच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर या भागात आहे, त्या प्रसिद्ध वाक्यात नाही. प्रमाणपत्र मागितल्याचा लेखी पुरावा ठेवा, नकार मिळाला तर न्यायालयाकडे अर्ज करा.

म्हणून मी निकालपत्र या क्रमाने वाचते. आधी तारीख आणि पीठ किती न्यायमूर्तींचं. याच विषयावर २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमाणपत्राबाबत सवलतीचा सूर लावला होता. २०२० च्या तीन न्यायमूर्तींनी तो चुकीचा ठरवला. पीठ न पाहता २०१८ चा निकाल दाखल करणारे मी नंतरही पाहिले आहेत. मग सरळ शेवटचं पान: अपील मान्य की अमान्य. मग वस्तुस्थिती, आणि शेजारी आपल्या प्रकरणाची वस्तुस्थिती लिहून. मग मधला विवेचनाचा भाग, आणि त्यातले दोन किंवा तीन परिच्छेद क्रमांक टिपून. सगळ्यात शेवटी हा निकाल पुढे कोणी बदलला आहे का, कायदाच बदलला आहे का. इथे तो बदललाही आहे. ६५ ब च्या जागी आता साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आहे आणि प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत दिला आहे. त्याचा एक भाग पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा तिचा सांकेतिक आकडा) लिहायची.

मूळ निकाल मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर पोर्टलवर ते मोफत आहेत, काहींचे मराठी अनुवादही. पण मोफत मिळतं म्हणून सगळं वाचायचं नसतं. राज्यघटनेची मूळ चौकट बदलता येत नाही असं सांगणारा केशवानंद भारतीचा १९७३ चा निकाल ७०३ पानांचा आहे, तेरा न्यायमूर्तींचा. कुठल्याही एका प्रश्नासाठी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला बसणं म्हणजे वेळेची उधळण. तो सलग वाचायचा असेल तर सुट्टीत वाचा, आणि तिसऱ्या रकान्यात लिहा. मी तसा त्याचा काही भाग वाचला आहे आणि मला त्यात फार आनंद मिळाला.

शेवटी अर्ध्या पानाची टिपण: प्रश्न, उत्तर, परिच्छेद क्रमांक. तारीख घालून फायलीत. टिपण झाली की त्या दिवसाचं कामाचं वाचन संपलं. ‘आणखी एक निकाल बघू’ हा मोह होईल. उत्तर मिळालेलं असेल तर पुस्तक मिटा.

चौथी पायरी: मधली पंधरा मिनिटं

कामाच्या वाचनावरून थेट कादंबरीवर येता येत नाही, निदान मला येत नाही. डोळे तसेच ‘परंतु’ शोधत राहतात. मध्ये हाताला काम द्या. मी भांडी आवरते किंवा कुंड्यांना पाणी घालते. माझी एक मैत्रीण, शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर आहे, ती या वेळात जुनी गाणी लावून स्वैपाकघरात उभी राहते. फोन मात्र नको, तो त्याच शोधक डोळ्यांनी वाचला जातो.

पाचवी पायरी: आनंदाच्या वाचनाची जागा वेगळी करा

हे शब्दशः घ्या. ज्या टेबलावर खटल्याच्या कागदांचं ब्रीफ उघडतं तिथे कादंबरी उघडायची नाही. माझी खुर्ची बाल्कनीत आहे, दिवा वेगळा आहे, आणि त्या खुर्चीच्या आसपास पेन, पेन्सिल, हायलायटर काहीही नसतं. पहिले काही दिवस हात अक्षरशः पेन्सिल शोधायचा. एखादं वाक्य फारच आवडलं तर मी ते घरात कोणाला तरी वाचून दाखवते. कोणी नसेल तर स्वतःलाच मोठ्याने. त्यातून ते जास्त लक्षात राहतं, आणि राहिलं नाही तरी चालतं.

सुरुवातीला मोठी, मानाची कादंबरी घेऊ नका. ती घेतली की ‘हे वाचलेलं असायला हवं’ अशी भावना येते आणि ती पुन्हा दुसऱ्या रकान्यात जाते. मी सुरुवात केली ती पूर्वी वाचलेल्या, शेवट माहीत असलेल्या पुस्तकापासून. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की पुराव्याची साखळी जुळवायची सवय आपोआप ढिली पडते, मग वाक्यांकडे, माणसांच्या बोलण्याकडे लक्ष जातं. त्यानंतर प्रवासवर्णनं, ललित लेख, मग कथा, आणि दोनेक महिन्यांनी नवी कादंबरी. तुमचा क्रम वेगळा असेल. गूढकथा मात्र वकिलांनी या काळात टाळाव्यात असं मी अनुभवाने सांगते.

सोडून द्यायचा हक्क वापरा. निकालपत्र आवडो न आवडो, उत्तर मिळेपर्यंत सोडता येत नाही. कादंबरीला तो नियम नाही. पन्नास पानांत मन रमलं नाही तर परत करा, अपराधीपणाशिवाय. आणि घरातल्या मुलांनी किंवा सहकाऱ्यांनी ‘त्यातून काय शिकलीस?’ विचारलं तर ‘मजा आली’ एवढंच उत्तर द्यायला शिका.

पुस्तकं विकत घेण्यापेक्षा सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या, हा माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला आहे. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अ, ब, क, ड वर्गांची अनुदानित वाचनालयं अगदी लहान गावांतही सापडतात. एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक, परतीची तारीख चिकटवलेल्या कागदावर शिक्क्याने. कोर्टाच्या तारखांनी आयुष्य बांधलेल्या माणसाला ही तारीख फार उपयोगी पडते. विकत घेतलेलं पुस्तक वर्षभर कपाटात थांबू शकतं. वाचनालयाचं थांबत नाही.

दिवाळी अंकही याच कामाचे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने ही प्रथा सुरू केली, आणि मला वाटतं व्यग्र माणसासाठी याहून चांगलं वाचन नाही: कथा वीस पानांत संपते, पुढचा लेख वेगळ्याच जगातला असतो, आणि एक अंक मार्चपर्यंत पुरतो.

वेळ नाही, असं ज्युनिअर मुली मला म्हणतात. तेव्हा मी त्यांना १८७८ सांगते. त्या वर्षी पुण्यात मराठी ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं, ज्याची परंपरा आजच्या साहित्य संमेलनापर्यंत येते. ते भरवणारे न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी, दोघेही न्यायखात्यात काम केलेले. २०२३ च्या वर्ध्याच्या संमेलनाचे अध्यक्ष नरेंद्र चपळगावकर हेही उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. कायद्याच्या माणसाने साहित्य वाचणं ही आपल्याकडे जुनीच रीत आहे.

सीमेवरची पुस्तकं

न्यायाधीशांची आत्मचरित्रं, गाजलेल्या खटल्यांच्या हकिकती, कोर्टावरची नाटकं. ही कुठल्या रकान्यात? मी एक साधी खूण ठेवली आहे. पुस्तक उघडताना पेन हातात घ्यावंसं वाटलं तर ते टेबलावर, नाही तर खुर्चीत. एकच पुस्तक दोनदा वाचायलाही हरकत नाही, फक्त एकाच बैठकीत दोन्ही करू नका. कोर्टावरचं नाटक वाचताना ‘असा प्रश्न उलटतपासणीत विचारताच येत नाही’ असं मनात आलं तर ते येऊ द्या आणि पुढे वाचत राहा. दोन अंकांनंतर ते थांबतं.

एक सावधगिरी. कादंबऱ्या वाचल्याने उलटतपासणी सुधारते, माणसं ओळखता येतात, असं कोणी सांगितलं तर खरंही असेल. पण त्यासाठी वाचायला बसू नका. तो हेतू शिरला की पेन्सिल परत हातात येते.

सुट्टीचं वेळापत्रक

कामाच्या दिवसांत माझं मान असं बसलं आहे: सोमवार ते गुरुवार रात्री पाऊण तास कामाचं, अर्धा तास खुर्चीतलं. शुक्रवारी आणि शनिवारी कामाचं वाचन नाही. रविवारी सकाळी दोन तास दुसऱ्या रकान्याचे, म्हणजे कुठल्याही तारखेशी न जोडलेला अभ्यास. सध्या साक्ष अधिनियम सलग वाचते आहे, १७० कलमं, आठवड्याला पाच. तातडीचं मॅटर आलं की हे मोडतं. मोडलं की आधी खुर्चीतला अर्धा तास परत सुरू करा, अभ्यास नंतर. उलट केलं तर खुर्ची पुन्हा कोरडी पडते, हे मी दोनदा करून पाहिलं आहे.

मे महिन्याची सुट्टी सर्वांत महत्त्वाची. पहिले दहा दिवस बेअर अ‍ॅक्टला हात लावत नाही. सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी कोर्ट उठलं की गळ्यातला बँड काढून बॅगेत टाकते आणि घरी न जाता सरळ वाचनालयात जाते. सहाला ते बंद व्हायच्या आत पोचावं लागतं. ग्रंथपाल बाई आता ओळखतात. ‘वकीलबाई, या खेपेला काय देऊ?’ असं विचारतात, आणि मी म्हणते, ‘जाडजूड काहीतरी द्या, जूनपर्यंत पुरेल असं.’